पाठीमागचं बक्कल

संपदाचा फोन आला तेव्हा दशरथ घाग जेवून हात पुसत होता. शुक्रवार होता. भाईंदर पूर्वेच्या ज्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तो बावीस वर्षं फिटर होता, तो शुक्रवारी बंद असतो.

"काका, मी चेण्याहून संपदा बोलतेय. दिवाळीच्या आधी तुमची व्हॅन घेतली होती ना आम्ही?"

"हां, बोला ना. बरी चाललीय गाडी?"

"गाडीची काही तक्रार नाही. मागची ती सीट काढायचीय. दोन मेकॅनिक येऊन गेले, बोल्टच हलत नाहीत. तुम्हीच बसवलीय म्हणाला होतात, म्हणून म्हटलं, येऊन काढून द्याल का?"

"का, काय झालं सीटला?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग संपदा म्हणाली, "सासऱ्यांसाठी घेतली होती ना ती. आता ते त्यात बसायला तयार नाहीत. गाडीच्या जवळसुद्धा येत नाहीत."

दशरथने येतो म्हणून सांगितलं. पान्यांची पिशवी काढली, त्यात लोखंड कापायची छोटी करवत टाकली. बायको, उर्मिला, दारात उभी होती. कुठे चाललात, असं तिने विचारलं नाही. तिने फोन ऐकला होता. ती एवढंच म्हणाली, "या वेळी खरं काय ते सांगून या त्यांना."

शांती नगरच्या नाक्यावर त्याने बस धरली, काशीमिऱ्याला उतरून दुसरी पकडली. एप्रिलची दुपार होती, बसच्या लोखंडी दांड्याला हात लागला तरी चटका बसत होता. पिशवी मांडीवर घेऊन तो बसला आणि जे आठवायचं नाही असं त्याने वर्षभर ठरवलं होतं, ते आठवत गेला.

ती सीट त्याने आपल्या हातांनी केली होती. आईसाठी. अनसूयाबाईंची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली आणि राई गावातल्या एका मालिशवाल्याकडे त्यांना आठवड्यातून दोनदा न्यावं लागायचं. व्हॅनच्या साध्या सीटवर त्या टिकत नसत. जेमतेम त्रेचाळीस किलोच्या, वळण आलं की पोत्यासारख्या एका बाजूला कलंडायच्या. दशरथचे हात कारागिराचे. त्याने मागची बाकं काढून टाकली, लोखंडी अँगलची चौकट जोडली, त्यावर उंच पाठीची खुर्ची बसवली, जाड फोम आणि लाल रेक्झिन चढवलं. कंपनीचा पट्टा आईच्या गळ्याला काचायचा, म्हणून प्रवासी बॅगांचे नायलॉनचे पट्टे घेऊन छातीवर फुली येईल असे शिवून घेतले. आईचा डावा हात मात्र धड होता आणि सारखा चाळा करायचा. चालत्या गाडीत ती पट्टा सोडायला बघायची. तेव्हा त्याने बक्कलच खुर्चीच्या पाठीमागे नेलं. मागचं झाकण उघडून दुसऱ्या कोणी सोडवलं तरच सुटणार.

सोसायटीतल्या लोकांनी येऊन सीट बघितली, कौतुक केलं. मुलगा असावा तर असा, म्हणाले. आईला काही ती आवडली नाही. बसवलं की तिच्या वाकड्या तोंडातून दर वेळी एकच शब्द यायचा. "सोड."

"आये, ताठ बस. पडशील," दशरथ म्हणायचा. "आलंच घर."

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, दुपारी चारच्या सुमारास, राईहून परत येताना मुर्ध्याच्या पुढे एक म्हैस अचानक रस्त्यात आली. दशरथने स्टिअरिंग ओढलं. व्हॅन रस्ता सोडून खाडीच्या नाल्यात शेपटीकडून घसरली आणि चिखलात रुतली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण सीटचे पुढचे दोन बोल्ट पातळ पत्रा फाडून वर आले होते, आणि खुर्ची आईसकट मागे पडून झाकणावर आदळली होती. झाकण बाहेरून चिखलाने दाबलेलं. बक्कल खुर्ची आणि झाकण यांच्या मध्ये. बोटसुद्धा आत जात नव्हतं.

भरतीची वेळ होती. पाणी आलं ते हळूहळू आलं. दशरथ आत शिरून आईची हनुवटी वर धरून बसला. पट्टे भिजून आवळले, दातांनी तुटेनात. मुर्ध्याचे लोक धावत आले, एकाने कोयत्याने पट्टे कापले. तोपर्यंत हनुवटी धरून काही उपयोग उरला नव्हता. कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा फाटलेल्या जागी त्याने पुन्हा नट वेल्ड केले, बोल्ट आवळले. का, ते त्याला सांगता आलं नसतं. हातांना काहीतरी करायचं होतं. पुढे संपदा गाडी बघायला आली. घोडबंदर रोडला तिची रोपांची नर्सरी होती आणि सासऱ्यांचे गुडघे गेले होते. मागे उंच पाठीची सीट बघून ती खूश झाली.

"कोणासाठी केली होती?"

"आईसाठी."

"त्या...?"

"गेली."

आजारपणात गेली असेल असं संपदाने धरलं, आणि दशरथने धरू दिलं.

चेण्याला उतरून तो आत गेला. रस्त्याची धूळ बसून नर्सरीतली जास्वंदीची पानं करडी झाली होती. व्हॅन मागच्या बाजूला करंजाच्या झाडाखाली उभी होती. तिच्यापासून चांगली वीस पावलं लांब, बाजेवर, संपदाचे सासरे राघो बसले होते. सत्तरी ओलांडलेला, उन्हाने रापलेला माणूस. त्यांनी दशरथकडे नीट पाहून घेतलं.

"सीट तुमी केली?"

"हो, बाबा."

"मग तुमालाच म्हाईत असंल," राघो म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

संपदाने मागचं झाकण उघडून त्याला एका लाकडी दांड्याचा टेकू लावला. "हे आपोआप खाली येतं, सांभाळा."

दशरथने आत पाहिलं आणि त्याचा हात पिशवीवरच थांबला.

खुर्चीवर पट्टे होते. काळे, नायलॉनचे, छातीवर फुली येणारे. सलग. कुठे जोड नाही, शिवण नाही.

"हे पट्टे... कोणी बसवले?"

"कोणी म्हणजे? तुम्हीच ना? गाडी घेतली तेव्हापासून आहेत की."

त्याने गाडी विकली तेव्हा खुर्चीला फक्त कोयत्याने कापलेली चार टोकं लोंबत होती. त्याला पक्कं आठवत होतं. त्याने संपदाकडे पाहिलं. उर्मिलाचं वाक्य ओठापर्यंत आलं. तेवढ्यात पुढे गिऱ्हाइकाची गाडी लागली, कोणीतरी हाक मारली, आणि संपदा "आले हं" म्हणून गेली.

आधी काम उरकू, मग सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं.

पुढचे दोन बोल्ट घाम काढून का होईना, निघाले. मागचे दोन मात्र जागचे हलेनात. चौकट वर ताणली गेली होती. सीटवर वजन पडलं की चौकट खाली बसते आणि बोल्ट सैल होतो, हे करणाऱ्यालाच ठाऊक असतं. कोणीतरी दोन मिनिटं बसायला हवं होतं. दशरथने बाजेकडे पाहिलं. राघो तिकडे तोंड करून बसलेले. संपदा पुढे. कोणाला तिथे बस म्हणणं त्याच्या तोंडून निघेना.

तो स्वतःच बसला. लांब दांड्याचा पाना घेऊन एका बाजूने हात खाली घातला. बोल्टाचं डोकं सापडलं. पहिला झटका दिला आणि बोल्ट करकरत पाव आटा फिरला. त्याला बरं वाटलं.

मग टेकू निसटला. झाकण धप्पकन बंद झालं. गाडी हलली तसा बाजूचा सरकता दरवाजाही रुळावरून घरंगळत आला आणि बसला.

आत एकदम शांत झालं. घोडबंदर रोडची ती न थांबणारी घरघर, कंटेनरचे हॉर्न, सगळं पुसल्यासारखं गेलं. दशरथ उठायला गेला.

छातीवर काहीतरी आवळलेलं होतं.

त्याने खाली पाहिलं. पट्टे त्याच्या अंगावर होते. ते केव्हा आले ते त्याला कळलं नव्हतं. आणि त्याच्या पाठीच्या मागे, खुर्ची आणि झाकण यांच्यामध्ये, बारीक आवाज झाला. टक्. बक्कल बसल्याचा. तो आवाज त्याने शेकडो वेळा केला होता.

"संपदाताई," त्याने हाक मारली. आवाज कापसात बोलल्यासारखा तोंडाशीच राहिला.

त्याने डावा हात मागे नेला. बोटं पाठीच्या कडेपर्यंत पोचली, पुढे चार बोटांचं अंतर. उजवा नेला. तेवढंच. आपणच मोजून ठेवलेलं अंतर ते. आईचा हात पोचू नये म्हणून. पान्याने प्रयत्न केला, तर पाना हातातून सुटून खाली पडला. पत्र्यावर पडल्याचा खणखणाट व्हायला हवा होता. तसा झाला नाही. चुबुक असा आवाज आला.

मग वास आला. खाडीच्या चिखलाचा, कुजक्या शेवाळाचा, मिठाचा. चेण्याला डोंगर आहे, जंगल आहे, नदीचं पात्रही आहे, पण हा वास तिथला नव्हता. बाहेर चाळीस अंशांचं ऊन होतं आणि त्याचे तळपाय गार पडत चालले होते. काचा आतून धुरकटल्या. त्या धुक्यापलीकडे करंजाची सावली दिसायची ती जाऊन सपाट, पांढरट काहीतरी दिसत होतं.

गार घोट्याशी आलं. पोटरीशी आलं. त्या गारव्याला घाई नव्हती.

दशरथने पट्टे ओढले, पिळले, अंगठे आत घालून ताणले. जितकं ओढावं तितके ते आवळत. ओले झाले होते. त्याने खांदा काढायचा प्रयत्न केला, घसरून खालून निघायचा प्रयत्न केला, पण पट्टा गळ्याशी आला आणि श्वास कोंडला तसा तो परत वर सरकला. करवत पिशवीत होती. पिशवी झाकणाच्या बाहेर, जमिनीवर. माणूस सुटणार नाही अशी सीट त्याने केली होती, आणि काम चोख झालं होतं.

पाणी कमरेला लागलं तेव्हा पाठीमागून, अगदी कानाजवळून, आवाज आला. जड जिभेचा. अर्ध्या तोंडाचा.

"दशा..."

त्याने पट्टे ओढणं थांबवलं.

"आये..."

"ताठ बस... पडशील."

"आये, सोड मला."

"आलंच... घर."

त्याला रडू आलं. वर्षभर आलं नव्हतं. "आये, चुकलो गं... मला वाटलं तुला जपतोय मी... तू सोड म्हणायचीस, मी ऐकलं नाही... सोड गं..."

मागे कोणीतरी श्वास घेत होतं. तो श्वास घेताना पाण्याचा खळखळाट व्हायचा. पाणी छातीवर आलं, फुलीवर आलं, गळ्याशी आलं. दशरथने मान ताणून तोंड वर केलं. ओठांना मीठ लागलं.

तेव्हा मागून एक हात आला. गार, सुरकुतलेला, डावा हात. तो त्याच्या हनुवटीखाली आला आणि त्याने त्याचं तोंड वर धरलं. अलगद. घट्ट. जसं त्याने धरलं होतं तसंच. सोडवत नव्हता, बुडूही देत नव्हता. नुसता धरून होता... आणि दशरथला कळून चुकलं की हे असंच चालणार आहे, भरती कितीही वेळ चालली तरी.

किती वेळ गेला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

झाकण उघडलं. उन्हाचा लोट आत आला. पाठीमागे टक् झालं आणि पट्टे सैल पडले. दशरथ पुढे कोसळला तो कोरड्या, तापलेल्या पत्र्यावर. पाना तिथेच पडला होता. पाण्याचा थेंब कुठे नव्हता. त्याचा शर्ट मात्र गळ्यापर्यंत भिजलेला होता. घाम म्हणावा तर घामाला असा वास नसतो.

झाकण धरून राघो उभे होते. गुडघ्यांमुळे त्यांना धड उभं राहवत नव्हतं. वीस पावलं ते कसे आले असतील कोण जाणे.

"तुमी हाक मारली न्हाय," ते म्हणाले. "मला पानी भरल्याचा आवाज आला. मागल्या म्हैन्यात गायमुखच्या घाटात गाडी अडकली व्हती, तवा मी आयकला, त्योच. सुनबाईला वाटला म्हातारा भ्यालाय." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं नाही. "कुनाला बसवला व्हता यात?"

दशरथने सांगितलं. करंजाखाली बसून, सगळं सांगितलं. म्हैस, नाला, बक्कल, कोयता. संपदा मध्येच आली आणि उभी राहून ऐकत राहिली. त्याचं बोलून झाल्यावर तिने व्हॅनकडे पाहिलं.

"माझी सान्वी सहा वर्षांची आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बाबा बसेनासे झाल्यापासून गेला महिनाभर तिला मी तिथेच बांधून शाळेत नेत होते. सेफ आहे म्हणून."

दशरथला मान वर करवली नाही.

संपदाने करवत उचलून त्याच्या हातात दिली. त्याने पट्टे कापले. मागचे बोल्ट या वेळी दोन-दोन झटक्यांत निघून आले, जणू त्यांना कोणी कधी आवळलंच नव्हतं. खुर्ची बाहेर काढल्यावर संपदाने वाकून खालचा पत्रा पाहिला. चार गंजकी भोकं. खाली पट्टी नाही, आधार नाही. तिने बोटाने दाबलं तसा पत्रा आत गेला.

"एवढ्यावर माणूस बसवायचं?" ती स्वतःशीच म्हणाली.

खुर्ची तिला आवारात एक क्षण नको होती. दोघांनी मिळून ती पुन्हा व्हॅनमध्ये टाकली, आडवी, नुसतं सामान म्हणून. हलकीच होती. काशीमिऱ्याच्या अलीकडे सूरजचं भंगाराचं गोडाऊन आहे, तिथे त्यांनी ती नेली. पाच वाजत आले होते. दशरथने एकट्याने ती उचलून वजनकाट्यावर ठेवली.

काट्याच्या डब्यावर लाल आकडा उजळला. चौदा.

"चौदा किलो," सूरज म्हणाला. "बराबर है. रख दो, काका, कल तोड डालेगा."

"पैसे नकोत," दशरथ म्हणाला. "फक्त उद्या नको, आजच तोडा."

"आज ही तोड देता हूँ. आप जाओ."

दशरथ वळला. त्याला मोकळं वाटत होतं. त्या मार्चनंतर पहिल्यांदाच खोल श्वास घेता येत होता. फाटकाबाहेर संपदा गाडी चालू ठेवून थांबली होती. तो पाच-सहा पावलं गेला असेल.

"काका," सूरजने हाक मारली. आवाज बदललेला होता. "एक मिनिट. इधर आओ."

तो परत आला. काट्यावर आकडा होता एकोणीस. तो जवळ येत गेला तसा अठरा झाला, सोळा झाला, चौदावर येऊन थांबला.

"मशीन खराब आहे," दशरथ म्हणाला.

"सुबह ही चेक किया है." सूरजने खुर्ची उतरवून काटा रिकामा केला. शून्य. स्वतः चढून उतरला. शून्य. खुर्ची परत ठेवली. चौदा. "अब आप थोडा पीछे जाओ."

दशरथ मागे सरकला. एक पाऊल, पंधरा. फाटकापर्यंत गेला. सूरज मोठ्याने आकडे वाचत होता. "तेईस... इकतीस... काका, रुको..." खुर्चीची लोखंडी चौकट कुरकुरली. कापलेल्या पट्ट्यांची टोकं वाऱ्याशिवाय हलली आणि रेक्झिनच्या बैठकीला, कोणीतरी बसल्यावर पडतो तसा, हळूहळू खड्डा पडत गेला.

"सत्तावन," सूरज हलक्या आवाजात म्हणाला. खुर्चीचे चौदा वजा करता उरले आईचे त्रेचाळीस.

दशरथ धावत परत आला आणि त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. खड्डा भरून आला. आकडा उतरला. चौदा.

भंगाराच्या ढिगांवर पिवळं ऊन उतरत होतं. मग सूरजने घसा साफ केला.

"हाथ कब तक रखोगे, काका?"

बाहेरून संपदाने हॉर्न दिला. दशरथने फक्त मान वळवून तिकडे पाहिलं, हात होता तिथेच ठेवून. तेवढ्यात आकडा एकाने वाढला.